रोज हजार नमुने तपासायचे असतील तर सुरुवात यंत्रापासून करू नका

पुणे जिल्ह्यातल्या एका दूध संघात नोकरी करणाऱ्या तरुण पशुवैद्यकाने विचारलं आहे: संघाच्या प्रयोगशाळेत सध्या रोज दीडशेच्या आसपास रक्तनमुने तपासले जातात, बहुतेक ब्रुसेलोसिससाठी, म्हणजे जनावरं गाभडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या जिवाणूंच्या रोगासाठी. वर्षभरात हेच काम रोज हजार नमुन्यांपर्यंत न्यायचं आहे. स्वयंचलित एलायझा यंत्र (रक्तातली रोगाविरुद्धची प्रतिपिंडं रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीचं) घ्यावं का, घ्यायचं तर कोणतं, आणि माणसं किती लागतील?

यंत्राचं शेवटी सांगतो. जनावरांच्या रोगनिदानाच्या कामात माझी उमेदीची सगळी वर्षं पुण्यात गेली. मोठी झालेली प्रत्येक प्रयोगशाळा अडली ती नमुने घेण्याच्या टेबलावर, नाहीतर अहवाल पाठवण्याच्या टेबलावर. मधलं काम सहसा अडत नाही.

हिशोबच करून बघा. एलायझाच्या प्लेटला ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे. कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने, सोडले तर साधारण ९० नमुने बसतात. एका नमुन्याला एक वेल धरला तर हजार नमुन्यांना १२ प्लेटा. सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) घातल्यावर एक इन्क्युबेशन (ठरावीक वेळ तसंच ठेवणं), धुणं, कॉन्जुगेट (प्रतिपिंडांना चिकटणारं द्रावण), दुसरं इन्क्युबेशन, परत धुणं, रंग आणणारं सबस्ट्रेट, मग रंग मोजणारा रीडर. किटप्रमाणे वेळा बदलतात, पण बहुतेक वेळ प्लेट नुसती पडून असते. मल्टिचॅनल पिपेट, एक वॉशर आणि एक रीडर असेल तर हात बसलेली दोन माणसं प्लेटा पाठोपाठ लावून दिवसभरात १२ प्लेटा सहज काढतात. पण त्या १२ प्लेटा भरण्याआधी हजार नळ्यांची टोपणं कोणीतरी उघडायची असतात, हजार नंबर कोणीतरी वाचायचे असतात, आणि कुठला नंबर कुठल्या गाईचा याची खात्री करायची असते. यंत्राच्या माहितीपत्रकात ताशी किती चाचण्या हे छापलेलं असतं, या कामाचा त्यात उल्लेखही नसतो.

सकाळी टेबलावर काय येतं ते पाहा. जुन्नर-नारायणगावकडची पेटी एसटीने वाकडेवाडीला उतरते, बारामती-इंदापूरची स्वारगेटला. थर्मोकोलच्या पेटीचं झाकण काढलं की आत बर्फाचं पाणी झालेलं, त्यात नळ्या तरंगताहेत. नंबर चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेले, त्यातले काही पुसलेले, दोन-तीन पट्ट्या सुटून तळाला गेलेल्या. नमुन्यांचा फॉर्म त्याच पेटीत घडी घालून ठेवलेला, भिजून एकमेकांना चिकटलेला. फॉर्मवर बासष्ट जनावरं, पेटीत साठ नळ्या. काही नळ्यांतलं सिरम लालभडक, कारण रक्त गोठायच्या आतच नळी थेट बर्फावर ठेवली गेली. अशी एक पेटी निस्तरायला एका माणसाचा तास-दीड तास जातो. रोज हजार नमुने म्हणजे अशा पंधरा-वीस पेट्या.

म्हणून पहिला खर्च इथे करा. तालुक्याच्या दवाखान्यांना रक्त लवकर गोठवणाऱ्या क्लॉट ॲक्टिव्हेटरच्या नळ्या आणि आधीच छापलेली बारकोडची लेबलं तुम्हीच पुरवा. एका बारकोडच्या तीन प्रती हव्यात: एक नळीला, एक फॉर्मला, एक शिल्लक. फॉर्मवर त्या बारकोडसमोर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर. गाईचं नाव, मालकाचं नाव हे नंतर, आधी बिल्ला. फॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. बर्फाऐवजी जेल पॅक, आणि नळ्या व जेल पॅकच्या मध्ये कागदाचा जाड थर. रक्त काढल्यावर नळी सावलीत तिरकी ठेवून गुठळी होऊ द्यायची, त्यानंतरच थंड करायची. शक्य असेल तिथे तालुक्यालाच छोटं सेंट्रिफ्यूज द्या, म्हणजे तुमच्याकडे वेगळं केलेलं सिरम येईल. नमुन्याची प्रत सुधारण्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आणि नमुने नाकारायला शिका. तांबडा झालेला, नंबर नसलेला, कुजका वास येणारा नमुना 'बघू, करून टाकू' म्हणून पुढे ढकलला की त्यातून येणारा आकडा खोटा असतो, आणि तो खोटा आकडा तुमच्या सहीने बाहेर जातो. नाकारताना मात्र त्याच दिवशी पाठवणाऱ्याला फोन करून कारण सांगा. महिन्याच्या शेवटी प्रत्येक दवाखान्याला त्याचे किती नमुने आले, किती बाद झाले आणि का, एवढं एका पानावर पाठवा. पशुधन पर्यवेक्षक उन्हातान्हात, लाथा खात रक्त काढतो. आपल्या कामाची कोणी नोंद घेतंय हे दिसलं की पुढची पेटी सुधारून येते. वरून आलेल्या परिपत्रकाने ती सुधारत नाही.

आता साठ्याचा हिशोब. रोज हजार नमुने येणार आणि प्रत्येक नमुना अहवाल जाईपर्यंत तीन दिवस तुमच्याकडे राहणार असेल, तर कोणत्याही क्षणी प्रयोगशाळेत तीन हजार नळ्या असणार. पाच दिवस लागले तर पाच हजार. तेवढे रॅक आहेत का, तेवढा फ्रिज आहे का, हे आधी मोजा. शिवाय खात्री-चाचणीसाठी आणि वाद झाल्यास परत तपासायला सिरम उणे २० अंशांवर काही महिने ठेवावं लागतं. म्हणून नमुना आला की पहिल्याच दिवशी सिरम ९६ छोट्या नळ्यांच्या रॅकमध्ये काढून ठेवा आणि रॅकचा नकाशा संगणकात घ्या. पुढची प्रत्येक चाचणी त्याच रॅकमधून मल्टिचॅनलने होते. मूळ नळी पुन्हा उघडायची गरज पडत नाही, त्यामुळे अदलाबदलीची मोठी जागाच बंद होते.

आवक सारखी ठेवणं हेही तुमच्याच हातात आहे. शनिवार-रविवारची शिबिरं झाली की सोमवारी अडीच हजार नळ्या आणि गुरुवारी दोनशे, असं होऊ देऊ नका. तालुक्यांना वार ठरवून द्या: सोमवार जुन्नर-आंबेगाव, मंगळवार बारामती, बुधवार इंदापूर-दौंड, याप्रमाणे. सुरुवातीला कुरबुर होईल. अहवाल ठरलेल्या दिवशी यायला लागले की ती थांबते. शुक्रवार मोकळा ठेवा. खात्री-चाचण्या, राहिलेलं काम आणि यंत्रांची देखभाल त्या दिवशी.

यापुढे मी तुम्हाला एक उलटा प्रश्न विचारतो. हजारच्या हजार रक्तनमुने तपासायची खरंच गरज आहे का? दूध संघाकडे एक सोय असते जी सरकारी प्रयोगशाळेला सहज मिळत नाही: गावोगावचं दूध रोज तुमच्या दारात येतं. सभासदनिहाय किंवा दहा-वीस सभासदांच्या एकत्र दुधावर आधी मिल्क एलायझा किंवा रिंग चाचणी करा, दोन्ही दुधातली प्रतिपिंडं शोधतात. ज्या गटाचं दूध पॉझिटिव्ह येईल, फक्त तिथल्या जनावरांचं रक्त काढा. रिंग चाचणी स्वस्त आहे, पण तिच्या मर्यादा ध्यानात असू द्या. ती गाईच्या दुधासाठी आहे, शेळी-मेंढीच्या दुधाला ती चालत नाही. गोठवलेलं, तापवलेलं किंवा फार घुसळलेलं दूध चालत नाही. चीक, स्तनदाहाचं दूध, आटत आलेल्या गाईचं दूध खोटं पॉझिटिव्ह देतं. आणि फार जनावरांचं दूध एकत्र केलं की एखाद-दुसरी बाधित गाय त्यात विरघळून जाते, म्हणून पूर्ण गावाच्या टाकीवर विसंबू नका. भाकड आणि गाभण कालवडी दुधात येतच नाहीत, त्यांचं रक्त वेगळं घ्यावंच लागेल. एवढं सांभाळून दुधाच्या चाळणीतून दर तीन-चार महिन्यांनी संघ फिरवत राहिलात, तर रक्ताचा भार बराच उतरेल.

रक्तासाठी पहिली चाचणी म्हणून रोझ बंगाल अजूनही उत्तम. सिरम आणि अँटिजेन (मारलेल्या जंतूंचं गुलाबी द्रावण) दोन्ही ३०-३० मायक्रोलिटर, पांढऱ्या टाइलवर मिसळायचं, ४ मिनिटं हलवायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. गुलाबी थेंबात कडेला बारीक रवाळपणा दिसला तरी पॉझिटिव्ह धरायचं. चार मिनिटांनंतर थेंब सुकायला लागतो आणि नसलेली गुठळी दिसू लागते, म्हणून टायमर लावल्याशिवाय बघू नये. अँटिजेन आणि सिरम दोन्ही फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आलेली असली पाहिजेत. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी खोली ३८ अंशांवर आणि डिसेंबरच्या सकाळी १२ वर असते, तेव्हा एसी लावून ती २२ ते २५ मध्ये धरून ठेवा. एलायझाच्या रंगातही याच फरकाने चढउतार होतात आणि आपण किटला दोष देत बसतो.

आता पॉझिटिव्ह येणाऱ्या आकड्याकडे वळू. नमुने वाढले की सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. समजा तुमची चाचणी बाधित १०० पैकी ९५ पकडते आणि निरोगी १०० पैकी ९८ ना बरोबर निरोगी म्हणते. चांगलीच चाचणी आहे ही. एखाद्या भागात रोगाचं प्रमाण १ टक्का आहे आणि तुम्ही १०,००० जनावरं तपासली. १०० बाधितांपैकी ९५ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९,९०० निरोगींपैकी १९८ सुद्धा पॉझिटिव्ह येतील. म्हणजे २९३ पॉझिटिव्हपैकी खरी आजारी एक-तृतीयांशाहून कमी. तीच चाचणी २० टक्के प्रमाण असलेल्या गोठ्यात वापरली तर १०० पैकी ९२ पॉझिटिव्ह खरे निघतात. दीडशे नमुन्यांच्या कामात ही तीन-चार चुकीची पॉझिटिव्ह जनावरं कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. हजारांच्या कामात रोज वीस शेतकऱ्यांच्या निरोगी गाई तुम्ही आजारी ठरवाल. म्हणून पहिल्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक नमुना वेगळ्या तत्त्वाच्या दुसऱ्या चाचणीवर, शक्यतो कॉम्पिटिटिव्ह एलायझावर, तपासल्याशिवाय अहवाल बाहेर जाता कामा नये. घाई कितीही असो.

लसीचीही नोंद लागते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची एस-१९ लस दिली जाते. त्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडं आणि रोगाने तयार झालेली प्रतिपिंडं यांतला फरक रोझ बंगाल ओळखू शकत नाही. बहुतेक जनावरांत ती वाढत्या वयात उतरतात, पण काहींत, विशेषतः लस उशिरा दिली असेल तर, टिकून राहतात. जनावराचं वय आणि लसीची तारीख फॉर्मवर नसेल तर पॉझिटिव्ह आकड्याचा अर्थ लावता येत नाही. बिल्ल्याचा नंबर आधी मागतो तो याचसाठी.

पॉझिटिव्ह अहवाल शेतकऱ्याच्या हाती पडल्यावर काय होतं, याचा विचार प्रयोगशाळेने केलाच पाहिजे. अनेक देशांत ब्रुसेलाबाधित जनावर कापून काढतात आणि शासन भरपाई देतं. आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. गाईंना १९७६ च्या कायद्याने संरक्षण आहेच, २०१५ पासून वळू आणि बैलही त्यात आले. तेव्हा नुसता 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद हातात पडलेला शेतकरी काय करील? पहिल्या बाजाराला गाय चाकणला नाहीतर आणखी कुठे विकून टाकील. त्याच्यावर कर्ज असतं, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण ती गाय दुसऱ्याच्या गोठ्यात गेली, तिथे गाभडली, आणि वारेतून, स्रावातून पुढच्या पाच गाईंना रोग गेला, तर आपल्या तपासणीनेच रोग पसरवला असं होतं.

म्हणून पॉझिटिव्ह अहवाल आधी त्या भागाच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला फोनवर, मग कागदावर. शेतकऱ्याला मिळणारा कागद मराठीत, आणि त्यावर सूचना: गाय वेगळी बांधा, व्यायला वेगळी जागा ठेवा, पडलेला गर्भ आणि वार चुन्यासह खोल पुरा, हातमोज्याशिवाय हात लावू नका, कुत्र्यांना नेऊ देऊ नका, दूध उकळल्याशिवाय घरात वापरू नका. गोठ्यात काम करणाऱ्या कोणाला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधेदुखी असेल तर डॉक्टरांना 'आमच्या गाईला ब्रुसेलोसिस आहे' असं सांगा. हे शेवटचं वाक्य ठळक छापा. गोठ्यात वार ओढायला, वासरू पुसायला घरच्या बाई असतात. महिनोन्महिने टायफॉइड म्हणून औषध घेणारी माणसं मी पाहिली आहेत. संघाने बाधित गाय असलेल्या सभासदाला काही आर्थिक आधार दिला तर विक्री थांबते. हा विषय संचालक मंडळापुढे प्रयोगशाळा वाढवण्याच्या ठरावाबरोबरच मांडा, नंतर नको.

ब्रुसेलोसिस किंवा लाळ्या खुरकुतासारख्या, प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यातल्या अनुसूचित रोगांची माहिती शासनाला द्यावी लागते. खासगी किंवा सहकारी प्रयोगशाळा म्हणून त्यातून सुटका नाही. औंधच्या रोग अन्वेषण विभागाशी, जी पश्चिम विभागाची प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळाही आहे, आजच ओळख करून ठेवा. गाभडलेला गर्भ, वार, पोटातला द्रव असले नमुने संघाच्या प्रयोगशाळेत उघडू नका, तिकडे पाठवा. प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेला जगभर वरच्या नंबरावर आहे. सिरमचं काम नीट हातमोजे-मास्क घालून होतं, पण जंतू वाढवण्याचं काम वरच्या दर्जाच्या जैवसुरक्षेशिवाय करायचं नाही. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून न गोठणारं रक्त येणाऱ्या जनावराचं शवविच्छेदन तर कोणीच करू नये. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असेल तर कानाच्या शिरेतल्या रक्ताचा काचपट्टीवर एक स्मिअर, तेवढंच.

पीसीआरबद्दल, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडक्यात सांगतो, कारण प्रयोगशाळा वाढली की लोक तेही मागणार. २०२२ च्या लंपीच्या साथीत राज्यभरातून खपल्या आणि रक्त येत होतं. नमुने एकत्र करून तपासणं तेव्हा मोहात पाडतं. पाच नमुन्यांचा गट केला, गट पॉझिटिव्ह आला तरच त्यातले नमुने सुटे तपासले, आणि प्रमाण १ टक्का असेल तर एका नमुन्यामागे साधारण पाव चाचणी पुरते. प्रमाण २० टक्के असेल तर दर नमुन्यामागे ०.८७ चाचणी लागते, वर एक दिवस वाया जातो. साथीच्या ऐन भरात गट करू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका गावात रोग सिद्ध झाला की तिथल्या गाठी आलेल्या प्रत्येक जनावराचा नमुना मागवू नका. लक्षणांवरून निदान करा, उपचार आणि लसीकरणाला लागा, आणि प्रयोगशाळेची ताकद नव्या गावांसाठी राखून ठेवा. पीसीआरसाठी मिश्रण बनवण्याची, डीएनए काढण्याची आणि यंत्राची अशा तीन खोल्या वेगळ्या हव्यात, माणसाची ये-जा एकाच दिशेने. तेवढी जागा नसेल तर पीसीआर सुरूच करू नका.

गुणवत्तेसाठी रोजची एक सवय पुरे, ती मात्र चुकवायची नाही. दर प्लेटेवर किटच्या कंट्रोलशिवाय स्वतःचं एक मध्यम पॉझिटिव्ह सिरम लावा आणि त्याचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर टिपा. आकडा सलग एकाच बाजूला सरकायला लागला की नियमात बसत असला तरी थांबा. बहुतेक वेळा किटचा नवा लॉट, वॉशरची तुंबलेली सुई, किंवा एकावर एक रचलेल्या प्लेटांपैकी मधलीला उशिरा मिळालेली ऊब, यातलं काहीतरी सापडतं. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं १७०२५ मानांकन घ्यायचं असेल तर हा तक्ता तुमच्या उपयोगी पडेलच, पण तो मानांकनासाठी लावायचा नसतो.

कचऱ्याचा हिशोब सगळे विसरतात. रोज हजार नळ्या, पिपेटच्या वापरलेल्या टिपांचे डबे, १२ प्लेटा. १२१ अंशांना चालणाऱ्या ऑटोक्लेव्हचा एक फेरा तापण्या-निवण्यासह दोन तास घेतो. लहान ऑटोक्लेव्ह असेल तर संध्याकाळी सहा वाजता लाल-पिवळ्या पिशव्यांचा ढीग पडून राहतो आणि कोणीतरी तो तसाच बाहेर ठेवतो.

आता यंत्र. पूर्ण स्वयंचलित एलायझा यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नका. त्याला बारकोड नीट असलेले, स्वच्छ, एकाच मापाच्या नळ्यांतले नमुने लागतात आणि तुमच्याकडे ते अजून येत नाहीत. शिवाय एकच यंत्र बंद पडलं की हजार नमुने एकदम थांबतात. त्याऐवजी दोन मध्यम वॉशर, एक नवा रीडर आणि जुना राखीव, दोन इलेक्ट्रॉनिक मल्टिचॅनल पिपेट, बारकोड प्रिंटर आणि स्कॅनर, मोठा ऑटोक्लेव्ह, उणे २० चे दोन फ्रीझर आणि फ्रिज-फ्रीझरना जनरेटरची जोड. माणसं सात: नमुने घ्यायला तीन, एलायझा आणि रोझ बंगालला दोन, अहवाल आणि तालुक्यांशी बोलायला एक, सफाई आणि ऑटोक्लेव्हला एक. टोपणं उघडणारा आणि पिपेट धरणारा यांची आठवड्याला अदलाबदल करा, अंगठे दुखायला लागतात आणि दुखऱ्या हाताने माप चुकतं. दरपत्रक मागवताना दुरुस्तीचा माणूस पुण्यातच राहतो का आणि किती तासांत येईल, हे लेखी घ्या, आणि दोन्ही वॉशर एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लागतील.